लोहाराच्या मागोमाग : सेंट केव्हर्न ते ब्लॅकहीथ

सोमवार : हेल्स्टन, सेंट केव्हर्न

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, हेल्स्टन सोडलं की लिझर्ड द्वीपकल्पाचा सडा लागतो. झाड म्हणून नाही, नुसती खुरटी झुडपं आणि भणाणणारा वारा. मधेच गुनहिलीच्या अजस्र डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या. त्यातल्या सर्वांत जुन्या डिशला आर्थर म्हणतात; 1962 मध्ये टेलस्टार उपग्रहाचे संकेत तिनेच झेलले होते. ताईने फोटोसाठी गाडी बाजूला घेतली. मला मात्र पुढच्या गावाची ओढ लागली होती. या प्रवासाचं खूळ माझंच: पाचशे वर्षांपूर्वी कराविरुद्ध इथून लंडनवर चालून गेलेल्या एका लोहाराच्या वाटेने जायचं. ताई रीडिंगला राहते, तिने सुट्टी टाकली, गाडी काढली आणि बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

सेंट केव्हर्न हे लहानसं गाव आहे. मधे चौक, चौकाला लागून चर्च, आणि चर्चच्या मनोऱ्यावर अष्टकोनी कळस. हा कळस समुद्रावरून दिसतो आणि तो दिसणं खलाशांच्या फार कामाचं, कारण समोरच पाण्यात मॅनकल्स नावाचे खडक दबा धरून बसलेत. 1898 मध्ये मोहेगन हे जहाज त्यांच्यावर आपटून 106 माणसं गेली. त्यातली कितीतरी याच आवारात पुरलेली आहेत.

आम्ही आलो होतो ते आवाराच्या भिंतीवरच्या एका पाटीसाठी. पाटी कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलची जुनी भाषा, आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे, 1966 मध्ये बसवलेली. मायकेल जोसेफ हा या गावचा लोहार. गाव त्याला ‘आन गॉफ’ म्हणे, म्हणजे लोहारच. बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक त्याच्या जोडीला. 1497 मध्ये हे दोघे कॉर्निश माणसांची फौज घेऊन लंडनवर चालून गेले. फौज कसली, कोळी, शेतकरी, खाणकामगार, थोडे जमीनदार. गावाच्या वेशीवर रस्त्याकडेला दोघांचा पुतळाही आहे, उठावाला 500 वर्षं झाली तेव्हा उभारलेला.

सातवा हेन्री 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉस्वर्थच्या लढाईत मुकुट जिंकून राजा झाला. ट्यूडर घराण्यातला हा पहिला. जिंकून घेतलेलं राज्य, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बंडं होतच राहिली. 1486 मध्ये लॉर्ड लव्हेलने उठाव केला. 1487 मध्ये लँबर्ट सिम्नेल नावाच्या पोराला राजपुत्र म्हणून डब्लिनमध्ये मुकुट घातला गेला आणि त्याच्या नावाने स्टोक फील्डची लढाई झाली. ती हरल्यावर त्याला राजाच्या मुदपाकखान्यात कामाला लावलं. मग पर्किन वॉरबेक, हाही राजपुत्र म्हणवणारा तोतया. या सगळ्यांना गादीवर दुसरा कुणी बसवायचा होता. लोहाराला मुकुट नको होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आमच्यावर लादलेला हा कर अन्यायाचा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन परिच्छेद मिळतात, मला तो या सर्वांत मोठा वाटतो. म्हणून तो ज्या वाटेने गेला त्या वाटेने जायचं असं मी ठरवलं होतं.

चर्चच्या आवारात बसून दशम्या खाल्ल्या. ताई पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती.

“अरे, पण लोहारच का?” तिने विचारलं. “गावात पाद्री असेल, जमीनदार असेल.”

“ताई, लोहाराकडे कोण जात नाही सांग बरं. नांगराचा फाळ, घोड्याचे नाल, खाणीतली पहार, सगळं त्याच्याकडेच. सगळ्यांची गाऱ्हाणी भात्यापाशीच ऐकू येणार.”

हा माझा अंदाज, पण मला तो पटतो. आणि त्या वर्षी गाऱ्हाण्यांना तोटा नव्हता. सप्टेंबर 1496 मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स, वॉरबेकला हाताशी धरून, सरहद्द ओलांडून आला आणि थोड्याच दिवसांत परत गेला. हेन्रीला त्याचा बदला घ्यायचा होता. जानेवारी 1497 मध्ये संसदेने त्यासाठी सुमारे 1,20,000 पौंडांचे कर मंजूर केले. शिवाय सक्तीची कर्जं होतीच. स्कॉटलंडची सरहद्द कॉर्नवॉलपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि कॉर्नवॉल तर आधीच दुखावलेलं होतं. कथिलाच्या खाणींवर तिथलं पोट. राजपुत्र आर्थर हा कॉर्नवॉलचा ड्यूक. त्याच्या नावाने 1496 मध्ये कथिलाच्या धंद्यावर नवे नियम आले. खाणवाल्यांनी ते मानले नाहीत, तेव्हा सरकारने त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्कच गोठवले. त्यावर हा कर. संसदेने ठरवलं, पण वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहिला तो या खाणकामगारांच्या.

मंगळवार : बॉडमिन

सकाळी हेल्स्टन, ट्रुरो करत बॉडमिनला आलो. वाटेत उंचवट्यांवर कथिल आणि तांब्याच्या खाणींची पडकी इंजिनघरं दिसतात, दगडी चिमण्या अजून उभ्या. ती पुष्कळ नंतरच्या काळातली, पण धंदा तोच.

बॉडमिन त्या काळी कॉर्नवॉलमधलं सर्वांत मोठं गाव. सेंट पेट्रॉकचं चर्च पाहिलं की ते पटतं. मी आत सहज म्हणून शिरलो आणि बराच वेळ बाहेर पडलो नाही. बाराव्या शतकातली हस्तिदंती पेटी आहे, भारी कोरीवकामाचं नॉर्मन काळातलं बाप्तिस्म्याचं पात्र आहे. पण मला गुंतवून ठेवलं ते चर्च बांधलं गेलं त्या हकिगतीने. 1469 ते 1472 या काळात हे चर्च गावाने वर्गणी काढून नव्याने बांधलं आणि त्याचे हिशेब टिकून राहिलेत. कारागिरांच्या आणि वेगवेगळ्या आळ्यांच्या मंडळांनी आपापली वर्गणी आणून दिली. पैसे नव्हते त्यांनी सामान दिलं, अंगमेहनत केली.

आपल्या मनाने घरटी वर्गणी काढून एवढं चर्च उभारणारं गाव पंचवीस वर्षांनी कराविरुद्ध उठतं. म्हणजे खिशातून पैसे काढायची यांना सवय नव्हती असं कुणी म्हणू नये. पैसे कशासाठी जातात, किती जातात, हिशेब कोण ठेवतो हे यांना नेमकं ठाऊक होतं. दिलेला पैसा समोर कमानी आणि खांब होऊन उभा राहिलेला यांनी पाहिला होता. चर्चमधल्या त्या खांबांना हात लावला तेव्हा मला फ्लॅमँकचं म्हणणं पहिल्यांदा नीट उमगलं.

फ्लॅमँक इथला, चांगल्या घरातला, कायदा शिकलेला. त्याने गावकऱ्यांना सांगितलं ते कायद्याच्या भाषेत: उत्तरेची सरहद्द राखणं हे उत्तरेतल्या सरदारांचं काम, त्यांना जमिनी त्याच अटीवर मिळाल्यात, त्यासाठी सगळ्या देशावर पट्टी बसवता येत नाही. दोष राजाचा नाही, त्याच्या भोवतीच्या सल्लागारांचा, म्हणजे कार्डिनल मॉर्टन आणि सर रेजिनल्ड ब्रे यांचा. तेव्हा आपण राजाकडे अर्ज घेऊन जाऊ, हे सल्लागार दूर करा म्हणू, आणि वाटेत कुणाला इजा करायची नाही. हातात धनुष्यबाण आणि कोयतेवजा भाले घेऊन निघालेला हा अर्ज होता हे खरं. पण ही शिस्त त्यांनी फार मोठ्या प्रमाणात पाळली आणि त्याची दखल राजाच्या बाजूच्या बखरकारांनाही घ्यावी लागली.

मे महिन्यात ते निघाले. लोहार पुढे, वकील बरोबर.

दुपारी चीज आणि कांद्याची पेस्टी खाल्ली. खाणकामगारांचं हे खाणं. जाड दुमडलेली कड हातात धरून खायचं. गरम गरम फारच छान लागते.

बुधवार : एक्झिटर

टेमार नदी ओलांडली की कॉर्नवॉल संपतं. डार्टमूरच्या कडेने एक्झिटरला आलो. इथली हकिगत त्याच वर्षीच्या दुसऱ्या बंडाची आहे, पण ती सोडून पुढे जाता येत नाही.

जूनमध्ये लोहाराचा उठाव मोडला. 7 सप्टेंबरला पर्किन वॉरबेक लँड्स एंडजवळ व्हाइटसँड बेला उतरला. हा म्हणे चौथ्या एडवर्डचा धाकटा मुलगा रिचर्ड. खरा रिचर्ड आणि त्याचा थोरला भाऊ 1483 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि लोक त्याच्यामागे गेले, त्यातलाच हा प्रकार: माणूस गेल्याची खात्री नाही म्हटलं की आशा मरत नाही. वॉरबेकने बायकोला सेंट मायकल्स माउंटवर ठेवलं, बॉडमिनला आपल्याला चौथा रिचर्ड म्हणून जाहीर करवलं आणि काही हजार कॉर्निश माणसं घेऊन 17 सप्टेंबरला एक्झिटरसमोर आला. उत्तर आणि पूर्व वेशींवर हल्ले झाले. वेशीच्या दाराला लावलेल्या आगीत शहरवाल्यांनी आतून आणखी सरपण लोटलं आणि आगीचीच भिंत केली असं सांगतात. शहर पडलं नाही.

हाय स्ट्रीटवरचं गिल्डहॉल पाहायला गेलो. त्याचा पुढचा भाग खांबांवर उभा राहून फुटपाथवर आलाय, लोक त्याच्याखालून खरेदीच्या पिशव्या घेऊन जात असतात. आत काचेआड शहराच्या मानाच्या वस्तू. राजा 7 ऑक्टोबरला एक्झिटरला आला आणि शहराने दाखवलेल्या निष्ठेबद्दल त्याने आपली तलवार आणि मानाची टोपी शहराला दिली. दोन्ही अजून इथे आहेत. तलवार वाटते त्याहून लांब. टोपी वरच्या भरजरी आवरणात झाकलेली, हे आवरण पुढच्या काळातलं. समारंभात महापौरापुढे तलवार अजूनही मिरवतात. मी काचेला नाक लावून पाहत होतो आणि मनात एकच, की कॉर्नवॉलच्या लोकांना रोखल्याचं हे बक्षीस आहे. जिंकणाऱ्याची तलवार काचेत राहते. लोहाराची एकही वस्तू आम्हाला वाटेवर कुठे दिसली नाही.

कॅथीड्रलच्या हिरवळीवर जाऊन बसलो. इथेच आसपास राजा उतरला होता. पकडलेल्या बंडखोरांना त्याच्यासमोर आणलं ते उघड्या डोक्यांनी, गळ्यात फास अडकवून. त्यांनी माफी मागितली आणि त्याने बहुतेकांना दिली. ताई म्हणाली, “म्हणजे चांगला होता की राजा.” मी म्हटलं, “चांगला नव्हे, हिशेबी. मेलेला माणूस दंड भरत नाही.” पुढे खरंच दोन्ही उठावांसाठी कॉर्नवॉल, डेव्हन, सॉमरसेट, डॉर्सेट, विल्टशर, हॅम्पशर इथल्या गावागावांवर दंड बसले आणि ते हजारो पौंडांत गोळा केले गेले.

गुरुवार : टाँटन, वेल्स

टाँटनचा किल्ला म्हणजे आता सॉमरसेटचं संग्रहालय. 5 ऑक्टोबर 1497 रोजी वॉरबेकला इथे राजासमोर उभं केलं. रातोरात आपली फौज टाकून तो ब्यूली मठात आश्रयाला पळाला होता आणि तिथून शरण आला. त्याच्यासाठी आलेली कॉर्निश माणसं सकाळी उठली तेव्हा राजा गायब. लोहार असा पळाला नसता असं मी ताईला म्हटलं, पण ब्लॅकहीथला काय झालं ते मला माहीत होतं, त्यामुळे पुढे बोललो नाही.

पहिल्या फौजेने मे-जूनमध्ये टाँटनला एक माणूस मारला. पेन्रिनच्या ग्लास्नी कॉलेजचा प्रमुख, करवसुलीच्या कामावर असलेला. पाचशे किलोमीटरच्या त्या कूचात त्यांनी वाटेत केलेला म्हणून नोंदला गेलेला हा एवढाच खून. मी याचं समर्थन करत नाही. कुणाला इजा करायची नाही असं ज्यांनी निघताना ठरवलं, त्यांना आपली ही गोष्ट टोचली असेल असं मला वाटतं.

दुपारी वेल्स. इंग्लंडमधलं हे छोटंसं शहर कॅथीड्रलमुळे ओळखलं जातं. आतलं घड्याळ 1390 च्या सुमाराचं. दर पंधरा मिनिटांनी वरच्या बाजूला घोडेस्वार गोल फिरतात आणि एक शूर दरवेळी भाल्याने खाली पाडला जातो. पाडला जाणारा नेहमी तोच, सहाशे वर्षं. शाळेची पोरं खाली उभी राहून तो पडला की ओरडतात. आम्ही दोनदा पाहिलं.

वेल्सला उठावाला बळ मिळालं. जेम्स टचेट, सातवा बॅरन ऑडली, त्यांना येऊन मिळाला. लढाईचा अनुभव असलेला सरदार. आता नेतृत्व त्याच्याकडे गेलं. लोहार आणि वकील मागे सरले असं नाही, पण एका सरदाराचं नाव पुढे असलं की लोक विचार करतात, यात काहीतरी दम असणार. ऑडली कर्जात होता, राजावर नाराज होता, याबद्दल बरंच लिहिलं जातं. असेलही. पण पणाला लावायचं ते डोकं त्याने लावलं.

सप्टेंबरच्या शेवटी राजा वॉरबेकच्या मागावर आला तेव्हा याच वेल्समध्ये डीन गनथॉर्पच्या घरी मुक्कामाला होता. ते घर अजून कॅथीड्रलशेजारी आहे. एकाच वर्षात, चार महिन्यांच्या अंतराने, बंडखोर आणि राजा एकाच गल्लीतून गेले.

शुक्रवार : विंचेस्टर, गिल्डफर्ड

सॉल्सबरी बाहेरूनच केलं. विंचेस्टरला जेवायला थांबलो. कथिलाच्या नियमांना ज्याचं नाव होतं तो राजपुत्र आर्थर इथे जन्मला, सप्टेंबर 1486 मध्ये, आणि कॅथीड्रलमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्या नियमांच्या वेळी पोरगा दहाच्या आसपास. त्याच्या नावाने नियम करणारे दुसरेच, हे उघड आहे. 1502 मध्ये तो गेला आणि त्याची विधवा पुढे धाकट्या भावाने, आठव्या हेन्रीने केली. त्यापुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

गिल्डफर्डला 13 जूनला फौज पोचली. राजाचा सेनापती लॉर्ड डॉबनी याची माणसं स्कॉटलंडला जायला सज्ज केलेली होती; राजाने ती परत बोलावली. 14 तारखेला गिल्डफर्डजवळच्या टेकाडावर डॉबनीच्या घोडेस्वारांशी पहिली चकमक झाली. आम्ही संध्याकाळी हॉग्ज बॅकवर जाऊन उभे राहिलो. खाली सगळीकडे गाड्या. इथून लंडन फार लांब नाही.

आणि लंडनमध्ये तेव्हा घबराट होती. राणी एलिझाबेथ धाकट्या मुलाला, म्हणजे पुढच्या आठव्या हेन्रीला, घेऊन टॉवरमध्ये जाऊन राहिली. पोर सहा वर्षांचंही नव्हतं.

शनिवार : डेप्टफर्ड, ब्लॅकहीथ, ग्रिनिच

17 जून 1497 हा शनिवारच होता, म्हणून आम्ही हा दिवस शनिवारी ठेवला.

डेप्टफर्ड ब्रिज हे डॉकलँड्स रेल्वेचं स्टेशन आहे. स्टेशनातून उतरलं की खाली ए2 रस्ता, बसेस, ट्रक, फ्राइड चिकनची दुकानं आणि रस्त्याखालून वाहणारी रेव्हन्सबोर्न, सिमेंटच्या भिंतींत कोंडलेली. पूल आहे हे मुद्दाम बघितल्याशिवाय कळत नाही. मी कठड्यापाशी उभा राहिलो. इथे कॉर्निश धनुर्धारी होते. त्यांचे बाण शिंप्याच्या गजाएवढे लांब होते अशी जुन्या लिखाणात नोंद आहे, आणि डॉबनीची माणसं या पुलावर त्यांच्या माऱ्याने अडली. गर्दीच्या लढाईत डॉबनी स्वतः त्यांच्या हाती सापडला होता. त्यांनी त्याला सोडून दिलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटवू शकलो नव्हतो. राजाचा सेनापती हातात आलेला असताना त्याला जिवंत सोडणारी ही माणसं, ज्यांना पुढची कित्येक शतकं रानटी म्हटलं गेलं.

पण पुलामागे मदत नव्हती. मुख्य फौज वर ब्लॅकहीथच्या पठारावर, खूप मागे. पूल हातचा गेला आणि डॉबनी चढ चढून वर गेला. तोवर ऑक्सफर्ड, एसेक्स, सफोक हे अर्ल दुसऱ्या बाजूने वेढा घालून मागे येऊन पोचले होते. राजाकडे 25,000 च्या आसपास माणसं. कूचात कधीकाळी 15,000 पर्यंत गेलेली कॉर्निश फौज आदल्या रात्रीत गळत नऊ-दहा हजारांवर आलेली, तोफा नाहीत, घोडदळ नाही. राजा सोमवारी लढेल अशी बातमी पसरवली गेली होती. लढला शनिवारी. शनिवार आपल्याला लाभतो अशी त्याची समजूत होती म्हणतात.

पुलापासून ब्लॅकहीथपर्यंतचा चढ आम्ही पायी चढलो. दमछाक होण्यासारखा नाही, पण लांबचलांब. वर पोचलं की एकदम मोकळं मैदान, लंडनमध्ये एवढं आभाळ क्वचित दिसतं. पोरं पतंग उडवत होती. इथेच 1381 मध्ये वॉट टायलरची बंडखोर माणसं जमली, 1450 मध्ये जॅक केडची, दोन्ही वेळा केंटमधून आलेली. त्यामुळे केंट परगणा आपल्याला साथ देईल अशी कॉर्निश लोकांची आशा होती. म्हणून तर ते शहराला वळसा घालून इथे आले. केंटमधून कुणी उठलं नाही. केंटचे सरदार राजाकडे राहिले. मला वाटतं उठाव इथेच संपला होता, लढाईच्या आधीच. 16 तारखेच्या रात्री त्या पठारावर लोक काय बोलत असतील, शेकोट्यांभोवती, कॉर्निश भाषेत? किती जण अंधारात उठून गेले असतील? जे थांबले त्यांना सकाळी काय होणार ते ठाऊक होतं, आणि ते थांबले.

मेलेल्यांचे आकडे जुन्या लिखाणात 200 पासून 2,000 पर्यंत काहीही सापडतात. ऑडली आणि फ्लॅमँक मैदानावरच पकडले गेले. लोहार ग्रिनिचकडे धावला. तिथे फ्रान्सिस्कन भिक्षूंचं चर्च होतं, आत शिरला असता तर आश्रयाचा हक्क मिळाला असता. दारापर्यंत पोचण्याआधी तो पकडला गेला. ग्रिनिचला आज तिथे पूर्वीच्या रॉयल नेव्हल कॉलेजच्या देखण्या इमारती आहेत, पर्यटकांची झुंबड असते. मी ताईला तो टेकडीचा उतार दाखवला. एवढाच राहिला होता.

ग्रिनिच पार्कच्या भिंतीवर, ब्लॅकहीथच्या फाटकाजवळ पाटी आहे. कॉर्निश आणि इंग्रजी. 1997 मध्ये कॉर्नवॉलमधून लोक सेंट केव्हर्नपासून पायी इथवर आले, त्याच वाटेने, गावोगाव मुक्काम करत, तेव्हाची ही पाटी. लोक इथून कुत्री घेऊन जातात, धावत जातात. एका आजींनी थांबून आम्हाला विचारलं, काय लिहिलंय. ताईने पाटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

रविवार : टायबर्न, टॉवर हिल

टायबर्नची फाशीची जागा आज मार्बल आर्चपाशी, एजवेअर रोडच्या तोंडाला, रहदारीच्या बेटावर आहे. जमिनीत एक गोल दगड बसवलेला. सिग्नल सुटेपर्यंत थांबून तिथे जावं लागतं.

27 जून 1497 रोजी लोहाराला आणि वकिलाला टॉवरपासून इथवर फरफटत आणलं. वाटेत, लाकडी फळीवर बांधलेला असताना, लोहार मोठ्याने म्हणाला की आपलं नाव कायमचं राहील आणि कीर्ती अमर होईल. हे त्याचे शब्द राजाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीच टिपून ठेवले, बहुधा त्याचा उद्दामपणा दाखवायला. आज तेच शब्द सेंट केव्हर्नच्या पाटीवर आहेत. शिक्षा जिवंतपणी चिरण्याची होती, पण राजाने सवलत दिली: आधी फाशी, मग चार तुकडे. मुंडकी लंडन ब्रिजवर लावली. तुकडे कॉर्नवॉलला पाठवून गावोगाव टांगायचा विचार होता. मग बातमी आली की कॉर्नवॉल अजून धुमसतंय, हे पाहून लोक आणखी पेटतील, आणि तो बेत रहित झाला. तिथे उभं राहून मला या एका गोष्टीचं फार समाधान वाटलं. आईबापांनी, गाववाल्यांनी ते पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, 28 जूनला, ऑडलीला टॉवर हिलवर नेलं. सरदार म्हणून त्याच्या वाट्याला कुऱ्हाड. पण नेताना अंगावर कागदाचा झगा घातला होता, त्यावर त्याच्या घराण्याचं चिन्ह रंगवलेलं आणि झगा मुद्दाम फाडलेला. ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत वधस्तंभाच्या जागी स्मारक आहे, समोर रस्त्यापलीकडे टॉवर. त्याच दिवशी राजपुत्र हेन्रीला सहा वर्षं पूर्ण झाली.

“आणि मग कर?” ताईने विचारलं. “तो मिळालाच ना राजाला?”

कर मिळाला, दंडही मिळाले. पण ज्या स्कॉटलंडच्या स्वारीसाठी हे सगळं होतं, ती त्या उन्हाळ्यात ठरली तशी झाली नाही; फौज ब्लॅकहीथला गुंतली होती, आणि सप्टेंबर 1497 मध्ये जेम्सशी तह झाला. कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांचे हक्क मात्र गोठलेलेच राहिले. 1508 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, हेन्रीने ते परत दिले. त्यासाठी त्यांच्याकडून 1,000 पौंड घेतले. सनदेत एक कलम मात्र असं आलं जे आधी कधी नव्हतं: कथिलाच्या धंद्यावर कुठलाही नवा नियम करायचा तर खाणवाल्यांच्या 24 प्रतिनिधींची संमती घ्यावी लागेल.